अडीच सेकंदांचे चैतराम काका

…नाही पण, मी म्हणतो, काय कमी होतं जी माझ्याजवळ? लॅपटॉप होता, माईक होता, भिंतीले अंड्याचे ट्रे चिकटवून स्टुडिओ बी केलतो, अन् पुऱ्या देवरी तालुक्यात लग्नाचं गाणं पाहिजे तं राजदीप, जयंतीचं गाणं पाहिजे तं राजदीप, सरपंचाच्या प्रचाराचं पाहिजे तं दोन्ही पार्ट्यांले राजदीप! अन् आवाज कसा? साफ! आंघोळ करून, पावडर लावून आल्यावानी साफ! पण नाही. मले साफ नको होता. मले जुना पाहिजे होता, खरखरीत, कचकचीत, धूळ खाल्लेला! आता बसलो तोंड लपवत. पाहिजे होता ना जुना आवाज? घे मंग!

हे खूळ कुठून घुसलं मालूम हाय? मोबाईलमधून. इंटरनेटवर एक गोरा दाढीवाला हाय, मांडीवर मांजर घेऊन बसते अन् गुरुजीवानी सांगते, "मित्रांनो, आजच्या संगीतात जीव नाही. जीव होता जुन्या सॅम्पलरमध्ये!" आता सॅम्पलर म्हणजे काय, तं आवाज धरून ठेवाची मशीन. तुम्ही शिंकले, तिनं शिंक धरली, बटणात कोंबली, बटण दाबा की शिंक, दहादा दाबा की दहादा शिंक. बस, एवढंच! नव्या मशीनले सारं समजते, शिंक जशीच्या तशी परत देते. जुनीले अर्धीच समजे, बाकीची ती मनानं जुळवे, अन् त्या मनानं जुळवण्यात जी खरखर येते ना, तिच्यापायी साऱ्या दुनियेचे संगीतकार येडे झाले हायत! मी म्हणलो, दुनिया येडी झाली तं आपण एकटं शहाणं राहून काय कराचं?

मंग काय, गेलो गोंदियाले. तिथं दुलीचंद सेठ, बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचा माल घेते-विकते. गोदामात फुटक्या ढोलक्या, मुका ऑर्गन, अन् त्याच्या खाली… तीच! करड्या रंगाची, आठ बटणांची, माझ्या जन्माच्या आधीची! मी तं लगेच शर्टाच्या टोकानं तिची धूळ पुसाले लागलो. दुलीचंदनं मशीन नाही पाह्यली, माझे हात पाह्यले, अन् तिथंच संपलं ना जी. "बेटा, ये मशीन नहीं है, हीरा है हीरा! बंबई से आया था!" मी म्हणलो, सेठ, चालू होते का? "हीरा कभी बंद होता है क्या?" अन् हे फ्लॉपी टाकाची जागा? "वो उसका मुँह है, खराब है. अच्छा है ना, ज्यादा खाएगी नहीं!" म्हणजे काय, तं मशीनले जे शिकवलं ते बिजलीची लाईन हाय तोवर ध्यानात, लाईन गेली की कोरी पाटी. अन् आमच्याकडची लाईन कशी हाय, हे मी सांगाले पाहिजे का? अन् ध्यानात तरी किती ठेवते? अडीच सेकंद! उचलताना कंबर गेली एवढी जड, अन् ध्यान अडीच सेकंदाचं! माझे नवे दोन स्पीकर तिच्या बदल्यात त्याच्या गोदामात ठेवलो अन् हीरा मांडीवर घेऊन देवरीच्या बशीत बसलो. कंडक्टर म्हणते, "भाऊ, हिचं हाफ तिकीट लागन."

आता मशीन तं आली, पण तिच्यात भराचं काय? दाढीवाला सांगते, जुन्या मशीनीत जुनाच आवाज घाला, जुनी कॅसेट शोधा. अन् बोट वर करून, डोळे मोठे करून सांगते, "कॉम्प्युटरमधून न्यायचा नाही! कॉम्प्युटरमधून गेला की आवाज मेला! कॅसेटमधून सीधा मशीनीत!" मले हे वाक्य एवढं आवडलं, एवढं आवडलं का मी ते वहीत लिहून ठेवलो. वही अजून हाय. जाळाची हाय.

तं आमच्या गावात चैतराम काका होते. भीमगीतांची त्यांची गायन पार्टी, देवरी, सालेकसा, पार दरेकसाच्या डोंगरापर्यंत नाव! काका जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांचा आवाज एकाच जागी उरला होता, एका कॅसेटमध्ये. कोण्या जुन्या जयंतीले कोणीतरी टेजवर माईकजवळ टेप ठेवून भरलेली, साठ मिनिटांची. ती कुसुमकाकूच्या ट्रंकेत. काकूचा टेप कधीचाच बिघडलेला, म्हणजे काकूनं बी अकरा वर्षं तो आवाज ऐकला नव्हता, नुसती ट्रंक उघडे, कॅसेट पाहे, ट्रंक झाके. मी गेलो. गोड बोललो. मले गोड बोलता येते, अर्धा धंदा तोच हाय माझा. "काकू, चौदा एप्रिलच्या रॅलीत काकाचा आवाज वाजवतो, पुरं गाव ऐकन! अन् तुमाले पेनड्राइव्हमध्ये भरून देतो, रोज ऐका!" काकूनं कॅसेट पांढऱ्या रुमालात गुंडाळली अन् दोन्ही हातांनी देली. "बाबू, जपून," म्हणाली. बस, दोन शब्द. अन् मी काय म्हणलो? "काकू, मी प्रोफेशनल माणूस हो!"

बरं, अडीच सेकंदात मावन किती? त्याच्यावर बी दाढीवाल्याजवळ इलाज. कॅसेट दुप्पट जोरात पळवा, पळता पळता आवाज धरा, मंग मशीनवर हळू करा. मावते बी दुप्पट अन् खरखर येते चौपट! माझ्या जुन्या टेपच्या मोटरीले मागं बारीक स्क्रू असते, तो पिळलो, अन् आमचे चैतराम काका, एवढा भारदस्त माणूस, असे गाऊन राहिले जसं चिमणीले मुंगी चावली! चिंचिंचिंचिं! पण एका कडव्याच्या शेवटी काका कोरसले इशारा देत, छातीतून, "हां!" अन् त्याच्या खाली ढोलकीची थाप. तेवढा "हां" धरलो. हळू केलो, माणसाच्या चालीहून बी हळू. अन् तुमाले सांगतो… अंगावर काटा आला! तीच खरखर! तीच धूळ! खोलीत एकटाच नाचलो मी. आईनं दारातून पाह्यलं, म्हणे, "मोहफुलं वेचाले चाल म्हणलं तं तुही कंबर दुखते, अन् हे काय चालू हाय?" मिळाला होता ना जी जुना आवाज! तिथंच थांबलो असतो तं आज ताठ मानेनं फिरलो असतो!

पण लालच. मले ढोलकी वेगळी पाहिजे होती, टाळी वेगळी पाहिजे होती. अन् कॅसेट अडाले लागली. जुनी रीळ, घाम आल्यावानी चिपचिप, टेपमध्ये कुंईकुंई करे अन् थांबे. विचारलो दाढीवाल्याले. म्हणते, "घाबरू नका मित्रांनो! चिकट झालेली रीळ ओव्हनमध्ये मंद आचेवर आठ तास शेका, ओल निघून जाते." ओव्हन! आमच्या गावात ओव्हन! मी खिडकीतून बाहेर पाह्यलो. एप्रिल महिना, टळटळीत ऊन, अन् समोर छपराच्या टिनावर आईनं मोहफुलं वाळू घातलेली. म्हणलो, ओव्हन आणखी कसं असते? वरून सूर्य, खालून टिन, दोन्ही बाजूनं आच, अन् लाईनचं बिल बी नाही!

आता मंद म्हणजे किती, हे मी विचारलोच नाही. सांगा जी, गोंदिया जिल्ह्यात एप्रिलच्या दुपारी टिनावर काही मंद असते का? पापड भाजते त्याच्यावर! पण मी शिडी लावलो, मोहफुलं जराशी बाजूले सारलो, मधात रुमाल, रुमालावर चैतराम काका. अन् खाली येऊन पंख्याखाली झोपलो. झोपलो जी! आठ तास काय करत बसू म्हणलो!

चार वाजता आईची हाक, "राजदीप! माह्या मोह्यात काय जाळलंस रे? वास कायचा येऊन राहिला?" चढलो. पाह्यलो. …काय सांगू. प्लास्टिक मऊ होऊन बसलं होतं, आतली रीळ एकमेकीले चिकटून डिंकाच्या लाडूवानी काळा गोळा, भोवती मोह्याचा गोड रस, अन् त्याच्यावर लाल मुंग्यांची रांग, शिस्तीत, रॅली निघाल्यावानी. साठ मिनिटं होती जी माणसाची. माणूस दुसऱ्यांदा गेला, अन् मी खाली घोरत होतो.

अन् तेवढ्यात आठवलं, मशीन! मशीनीत "हां" हाय! लाईन हाय तोवर हाय! अन् वर पाहतो तं अवकाळीचं आभाळ, काळंकुट्ट, वारा सुटून राहिला… आमच्याकडे आधी लाईन जाते, मंग वारा पोचते! शिडीवरून उतरलो का पडलो, मालूम नाही. लॅपटॉपमध्ये घेतलो, मोबाईलमध्ये घेतलो, दोन पेनड्राइव्हमध्ये, आईच्या मोबाईलमध्ये, मोनू डीजेवाल्याले पाठवलो, मोनू विचारते, "हे काय हाय भाऊ?" म्हणलो, ठेव, पुसू नको, मेला तरी पुसू नको! अकरा जागी ठेवलो तो एक "हां"! अन् फट्टकन लाईन गेली. बसलो तसाच. अन् तवा ध्यानात आलं, का एक "हां" अकरा जागी ठेवाची अक्कल आली, अन् साठ मिनिटं एका जागी ठेवाची आली नाही. आधी कॉम्प्युटरमध्ये घेतली असती तं? एका घंट्याचं काम! चौथीतला पोट्टा बी आधी तेच करते! पण नाही ना, कॉम्प्युटरमधून गेला की आवाज मरते ना! पाहिजे होता ना जुना आवाज?

चौदा एप्रिल आला. रॅली निघाली, निळे झेंडे, मोनूची गाडी, गाडीवर माझं गाणं. काकू पांढरी साडी नेसून गाडीच्या बाजूबाजूनं चालून राहिली, मान वर करून, कान देऊन. अन् गाण्यात दर ओळीमागं माझा तो हळू केलेला, भारी, खरखरीत "हांऽऽऽऽ!" पोट्टे नाचून राहिले, "भाऊ, काय बास हाय, काय बास हाय!" काकू माझ्या कानाशी आली, "बाबू, काकाचा आवाज कवा येते?" मी म्हणलो, येते काकू, येते. चौकापर्यंत गेलो. "बाबू, हा म्हशीवानी कोण ओरडून राहिला मघापासून? त्याले चूप करा ना, म्हणजे काकाचा ऐकू येईन." …सांगा! काय सांगावं माणसानं? तिचाच माणूस, अन् मी त्याची म्हैस केली! मी म्हणलो, काकू, टेक्निकल प्रॉब्लेम झाला. कॅसेट साफ कराले नागपूरले पाठवली हाय.

नागपूरले! म्हणलो ना, मले गोड बोलता येते.

मंग सुरू झालं लपणं. गाव किती आमचं, दीडशे घरांचं. त्याच्यात एका बाईले सहा महिने चुकवाचं म्हणजे खायचं काम हाय का? काकू बोअरिंगवर पाण्याले दिसली की मी धानाच्या बांधीतून, काकू बांधीत रोवण्याले दिसली की मी डांबरी रोडनं, अन् दोन्ही कडं दिसली तं मी घरातच, ताप आला म्हणून. मे महिन्यात सापडलोच, तं काय म्हणावं? म्हणलो, नागपूरचा माणूस तेंदूपत्त्याच्या कामावर गेला हाय. अरे, नागपूरचा मेकॅनिक तेंदूपत्ता कायले तोडन? पण काकूनं मान हलवली, म्हणे, "हो, आता सीझन हाय." माणसानं शिव्या देल्ल्या तं सोसते जी, विश्वास ठेवला की लय तरास होते. पावसाळ्यात वर्षावास लागला, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन, त्याच्या आधी पंचशील. पहिली तीन शीलं मी कशी म्हणे, तं भोंग्यावानी! अन् चौथं आलं, खोटं बोलणार नाही, की मले खोकला. रोज! तीन महिने! बाजूले बसणारे कवडू मामा म्हणे, "डॉक्टरले दाखव गा, बरोब्बर चौथ्या शीलावरच येते तुले." सारे हसत. काकू बी हसे अन् मले पाण्याचा लोटा दे. तो लोटा हातात घेताना मले एवढी लाज वाटे, एवढी लाज वाटे का तोंड लपवाले मी लोटाच तोंडावर धरून बसे.

अन् आश्विन पौर्णिमेच्या दोन दिवस आधी काकू स्वतःच दारात उभी. हसतमुख! तिची पोरगी रश्मी देवरीले नर्स लागली, अन् पहिल्या पगारात तिनं मायले काय आणून देलं? साडी? नाही. मिक्सर? नाही! कॅसेट वाजवाचा टेप! नवाकोरा! मले तं वाटे आता ते कोणी बनवत बी नसन, पण मिळते जी, ऑनलाइन मिळते, जुन्या आवाजाचा शौक मले एकट्यालेच थोडी हाय! काकू म्हणे, "बाबू, नागपूरवाल्याले फोन कर. त्याले टाईम नसन तं पत्ता दे, रश्मी जाऊन आणते." पत्ता कुठचा देऊ? टिनाचा?

मंग तो काळा गोळा त्याच रुमालात बांधलो, मशीन खांद्यावर, लॅपटॉप बगलेत घेतलो, अन् गेलो. ओसरीत काकू, रश्मी, अन् मधात तो नवा टेप, झाकण उघडून तयार ठेवलेला. मी रुमाल सोडलो. रश्मी म्हणे, "हे काय हाय?" कॅसेट. "अन् हे डाग कायचे?" मोहफुलाचे. अन् मंग सारं सांगलो; दाढीवाला, ओव्हन, टिन, मुंग्या, नागपूर, खोकला. खाली मान घालून, एका दमात. वाटलं, आता शिवी येईन. चप्पल येईन. काहीच आलं नाही. काकूनं त्या गोळ्याले एक बोट लावलं अन् लय हळू म्हणाली, "याच्यात माझं नाव होतं."

मी वर पाह्यलोच नाही.

"तिसऱ्या गाण्याच्या आधी," म्हणे. "टेजवरून बोलले होते, हे गाणं कुसुमसाठी. हजार माणसांत. जन्मात एकदाच घेतलं माझं नाव." अन् मी, मी प्रोफेशनल माणूस, ती कॅसेट एकदा बी पुरी ऐकलो नव्हतो! मले थाप पाहिजे होती, टाळी पाहिजे होती, माणूस काय बोलून राहिला हे ऐकाले मले टाईम नव्हता! पाहिजे होता ना, लेका, जुना आवाज? कोणी कानाखाली देल्ली असती तं त्याचे पाय धरलो असतो.

मशीन जोडलो. लॅपटॉपमधला "हां" मशीनीत भरलो, अन् खरं सांगतो, ह्या वेळी जास्त हळू-बिळू काही केलो नाही, बरोबर माणसाच्या चालीवर आणलो. म्हणलो, काकू, एवढंच उरलं. दाबलो बटण. "हां!"

काकू दचकली. अन् पदर डोक्यावर घेतला. "अजून." दाबलो. "हां!" मंग तिनं माझा हात बाजूले सारला अन् स्वतः दाबलं. "हां!" अन् जी, ती हसाले लागली. डोळे वाहून राहिले अन् हसून राहिली. म्हणे, "बरोबर हाय. तिकडं टेजवर तीन-तीन घंटे. घरी एवढंच बोलत. जेवता का म्हणलं, हां. पोरीची फी भरली का म्हणलं, हां. छप्पर शाकाराचं हाय म्हणलं, हां. मी सारा संसार याच्याशीच केला." रश्मी म्हणे, आई, राहू दे आता. कायचं राहू दे! काकू मशीनसमोर नीट मांडी घालून बसली. "त्या दिवशी टेजवर माझं नाव घेतलं होतं ना?" दाबलं. "हां!" पदरानं डोळे पुसले. मंग म्हणे, "या पोट्ट्यानं ते जाळलं ना?" "हां!" "गाढव हाय ना हा?" "हां!" अन् संगं ढोलकीची थाप बी!

मी म्हणलो, काकू, मशीन तुमच्याकडेच ठेवा. रश्मी हुशार, नर्स हाय ना, म्हणे, "लाईन गेली की?" मंग तिनंच तो "हां" मायच्या मोबाईलले रिंगटोन लावून देला. आता काकूचा फोन वाजला की काका म्हणतात, हां! हां! हां! हां! पण काकूले फोन करते कोण जी? रश्मी, अन् महिन्यातून एकदा गॅसवाला. म्हणून काकूनं मले शिक्षा देली. म्हणे, "बाबू, रोज सात वाजता तू फोन लावजो. मी उचलणार नाही. पुरा वाजू देजो."

तवापासून हेच चालू हाय. स्टुडिओत गिऱ्हाईक असो, कोणाचं लग्न असो, मी तापानं फणफणलेला असो, सात वाजले की फोन. एकदा पाच मिनिटं उशीर झाला तं तिचाच फोन आला, "मेला का?" अन् काल काय झालं, तिचं बोट चुकून लागलं अन् फोन उचलला गेला. मले एवढा आनंद झाला! वाटलं, माफी मिळाली! म्हणलो, "जय भीम काकू, कशा आहात?"

म्हणे, "तू कायले बोलतेस मधात? ठेव, अन् अजून लाव."

ठेवलो. लावलो.